पेंगुळलेला बैल

किसनरावांना आयुष्यात कुणी नावं ठेवली नव्हती असं नाही. बाभुळगावात राहून चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि नावं ठेवून घ्यायची नाहीत, हे शक्यच नव्हतं. पण गेल्या पोळ्याला हिरासिंग जे बोलला ते त्यांच्या जिव्हारी लागलं. आणि हिरासिंगला तर आपण काही लागेलसं बोललो याचा पत्ताही नव्हता.

हिरासिंग जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. कापूस, तूर, दोन खरेखुरे बैल आणि एक लाकडाचा. लाकडाचा बैल म्हणजे हातात मावणारं खेळणं नव्हे. कमरेएवढा उंच, सागवानी, चाकांच्या पाटावर उभा आणि पाठीवर दोन्हीकडे कोरलेल्या गोण्या. हिरासिंगच्या आजोबांनी तो करून घेतला होता, कारण त्यांच्या आधीची माणसं अशाच बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायची. बैलाचं नाव हौश्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तांड्यावरची पोरं त्याला सजवून दारोदार ओढत न्यायची आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे गोळा करायची. त्याआधी दरवर्षी हौश्या मोटारसायकलवर बांधून किसनरावांकडे यायचा आणि नवा रंग लेवून परत जायचा.

गेल्या वर्षी बैल न्यायला आलेला हिरासिंग त्याच्यासमोर उकिडवा बसला, जरा वेळ बघत राहिला आणि हसून म्हणाला, "किसनभाऊ, यंदा हौश्या पेंगून राह्यला का जी? डोये झोपेतले वाटतेत."

किसनरावही हसले. काय करणार! डोळ्याची काळी कड काढताना हात थरथरला होता, ओघळ पुसताना पापणी जाड झाली होती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नंतर यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांना हात पुढे करायला लावला, बोटांवर कागद ठेवला, कागद फडफडला. वयाचं आहे, गोळी घ्या, टेन्शन घेऊ नका, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. टेन्शन न घेण्याची गोळी मात्र त्यांनी दिली नाही.

पाट्यांचं काम फ्लेक्सवाल्यांनी कधीच नेलं होतं. राहिले होते पोळ्याचे बैल, आणि त्यातही बाकीचे लोक आता बाजारातून रंगवलेलेच आणत. राहिला होता हौश्या. तो गेला की किसनराव पेंटर नुसते किसनराव होणार होते. ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा बोलून दाखवली नाही, पण विजयमालाबाईंना ती न सांगता कळली होती, कारण नवरा जेवताना भाजीला नावं ठेवेनासा झाला होता.

होळीला नागपूरहून सलोनी आली. ही त्यांची लेक, तिकडे केकचं दुकान चालवते. तिच्या पिशवीत पेनासारखं एक यंत्र होतं, मागे नळी, वर रंगाची वाटी. केकवर रंग मारायचा एअरब्रश. तिने सहज म्हणून स्टीलच्या ताटावर करडा रंग फवारून दाखवला. किसनरावांनी ताट हातात घेतलं आणि ते खाली ठेवेचनात.

"सलोनी, हे कसं केलं वं तू?"

"बाबा, ब्रश टेकवाचाच नाई. हवाच रंग नेते."

चांगल्या गावरान पांढऱ्या बैलाच्या वशिंडावर आणि मानेवर धुरकट झाक असते. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे बैलालाही सांगता यायचं नाही. ती झाक आणण्यासाठी किसनरावांनी जन्मभर चिंध्या घासल्या, कापूस घासला, स्वतःचा अंगठा घासला. इथे लेकीने बोलता बोलता ती ताटावर आणून ठेवली होती. शिवाय टेकवायचंच नाही म्हटल्यावर थरथर दिसणार कशी? त्यांच्या मनाने तिथल्या तिथे उडी घेतली.

सलोनीने त्यांच्यासाठी नवा एअरब्रश मागवला. हवेसाठी कॉम्प्रेसर हवा होता. तो यवतमाळच्या बंटीने पाहून दिला. बंटी गाड्यांच्या टाक्या रंगवतो, किसनरावांना काका म्हणतो. एक गॅरेज बंद पडत होतं, तिथला जुना कॉम्प्रेसर, खाली पोटाएवढी लोखंडी टाकी. चालू केला की शेजारची म्हैस उठून उभी राहायची. विजयमालाबाईंनी या सगळ्या संसाराला एकच नाव दिलं, पिचकारी.

आणि साठीच्या घरातला, चाळीस वर्षं रंगात घालवलेला माणूस पहिलीतल्या पोरासारखा जुन्या पेपरवर ठिपके काढायला बसला.

खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. सांगायला दोन वाक्यं. करायला बसलं की बोट सगळं एकदमच करायचं आणि पेपरवर भला मोठा डाग पडून त्याला पाय फुटायचे. हात चालता ठेवा, थांबू नका, असं सलोनी फोनवर ओरडायची. ब्रशवाल्याचा हात रेघ सुरू करताना टेकतो आणि संपवताना टेकतो. ती सवय मोडायची म्हणजे चालायचं कसं हे पुन्हा शिकण्यासारखंच. वैताग यायचा. कधी कधी ते यंत्र खाली ठेवून अंगणात जाऊन नुसते उभे राहायचे. मग पुन्हा येऊन बसायचे, कारण एखादा ठिपका भलताच सुरेख पडलेला असायचा आणि तो कसा पडला हे त्यांना कळलेलं नसायचं.

पण एप्रिल-मेच्या उन्हात हळूहळू जमत गेलं. यंत्रातल्या सुईच्या टोकावर रंग वाळायचा, तो पुसायची सवय लागली. ठिपक्यांची रेघ झाली, रेघेची झाक झाली. एका पेपरवर तर त्यांनी असं वशिंड काढलं की विजयमालाबाईंनी तो पेपर रद्दीत न टाकता गादीखाली जपून ठेवला.

आणि मग पाऊस लागला, आणि सगळं उलटं व्हायला लागलं.

रोज सराव करून माणूस सुधारतो अशी आपली साधी समजूत असते. किसनराव रोज सराव करून बिघडत चालले. बसल्यावर थोडा वेळ यंत्र गुणाने वागायचं. झाक मऊ पडायची, त्यांचा जीव सुपाएवढा व्हायचा. आणि अचानक फस्सकन थुंकायचं! मऊ करड्यावर टपोरे थेंब, थेंबाभोवती रंग फाटलेला, पुळ्या आल्यासारखा. पुसा, थांबा, पुन्हा सुरू करा, पुन्हा थुंकी. उन्हाळ्यात जे जमत होतं ते श्रावणात का जमू नये? हात तोच, यंत्र तेच, रंग तोच.

त्यांनी सलोनीला फोन केला. ती म्हणाली, "रंग जाड होऊन राह्यला असंन बाबा, पातळ करा."

पातळ केला. ओघळ आले.

बंटीला विचारलं. तो म्हणाला, "काका, हवा वाढवा. तुमी भेता."

हवा वाढवली. थेंब आधीपेक्षा लांब उडाले, एक तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मोबाइलवर एक हिंदीवाला गृहस्थ सांगत होता की सगळी गंमत अंतरात आहे, जवळ जा. दुसरा सांगत होता, सगळी गंमत अंतरात आहे, लांब जा. किसनराव एका दिवशी पातळ रंगाने, जास्त हवेने, जवळून आणि लांबून असे एकदमच सगळं करून बसले आणि शेवटी नेमकं काय बदललं होतं हेच विसरले. डोक्याचा पार भुगा झाला. रात्री भाकरी मोडताना त्यांचं बोट आपसूक मागे ओढलं जायचं.

अखेर त्यांनी आपलं आपण उत्तर शोधलं, आणि ते असं चपखल बसलं की दुसरं काही शोधायची गरजच उरली नाही. सुरुवातीला बरं जमतं, मग बिघडतं. म्हणजे हात थकतो. थकला की थरथरतो. थरथरला की खटका हलतो आणि यंत्र थुंकतं. संपलं.

"तेल लावून देऊ का हाताले?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"लाव," ते म्हणाले. आता त्या रोज कोमट तेलाने त्यांचं मनगट चोळायच्या आणि ते भिंतीकडे बघत बसायचे.

अशात हौश्या आला. हिरासिंगने मोटारसायकलवरून त्याला उतरवलं, पाटावरचा चिखल पुसला आणि जाता जाता म्हणाला, "यंदा जागा ठेवजा बरं, भाऊ." पुन्हा हसला. भला माणूस, त्याच्या हसण्यात काही नव्हतं. पण किसनरावांना ते हसू आठवडाभर पुरलं.

त्यांनी जुना रंग घासून काढला. पांढऱ्या रंगाचा एक हात दिला, तो वाळू दिला, पुन्हा दिला. गोण्या ब्रशने तपकिरी केल्या, तिथे थरथर चालून जाते, गोणपाटच ते. मग एका सकाळी हात जोडून वशिंडाला यंत्र लावलं. दोन झोत असे पडले की त्यांनी श्वास रोखला. तिसऱ्याला थुंकी. पांढऱ्याशुभ्र खांद्यावर करड्या पुळ्यांचा गुच्छ उठला. पुसायला गेले तर खालचा पांढराही निघाला.

पुन्हा पांढरा. वाळायला दमट हवेत दुप्पट वेळ. पुन्हा वशिंड. या वेळी पहिल्याच झोताला थुंकी.

पोळा चार दिवसांवर आला होता. किसनराव खाली बसले. हौश्याला अजून डोळे नव्हते, नुसत्या पांढऱ्या खोबणी. तो न बघताच त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. आपण म्हातारे झालो ही गोष्ट माणसाला एकदम कळत नाही असं म्हणतात. किसनरावांना ती एकदमच कळली.

"विजू, झालं," ते म्हणाले. "हिरासिंगले फोन करतो. यवतमाळले कोनी करून देईन. अन् हा डबा बंटीच्या इथं नेऊन टाकतो. हात गेला माया."

नवऱ्याने हात टेकले की समजूत घालायची नाही, आधी त्याला काहीतरी उचलायला लावायचं, हा विजयमालाबाईंचा संसारातला अनुभव. "चाला," त्या म्हणाल्या, "मी इकडून धरतो, तुमी तिकडून धरा. दारापाशी तरी नेऊन ठेवू."

दोघांनी कॉम्प्रेसर उचलला. विजयमालाबाईंची बाजू जरा वर गेली, आणि टाकीच्या पोटात डबडब वाजलं.

दोघंही तसेच थांबले.

"हे काय वाजलं?" किसनराव म्हणाले.

"पानी हाये आत."

"पानी कुठून येईन? हवेची टाकी आहे ते."

"मंग तुमीच भरलं असंन."

"मी कायले भरू? यात भराले तोंड तरी आहे का?"

"मी तं नाई भरलं बाप्पा. मले तुमच्या पिचकारीले हात लावाचीबी भीती वाटते."

त्यांनी डबा पुन्हा हलवला. पुन्हा डबडब. किसनरावांनी बटण बंद आहे याची खात्री केली, उरलेली हवा सोडून दिली आणि आडवे होऊन टाकीखाली डोकं घातलं. पोटाच्या अगदी तळाला गंजून टाकीच्याच रंगाचं झालेलं एक बोंड होतं. इतके महिने त्यांनी ते बघितलं होतं आणि टाकीचा पाय समजून सोडून दिलं होतं. पक्कड लावली. बोंड करकरलं, हललं, आणि चहाच्या रंगाचं पाणी त्यांच्या बाहीत शिरलं. विजयमालाबाईंनी धावत जाऊन पातेलं आणलं. पातेलं भरत आलं तरी धार चालूच.

"असं कसं?" किसनराव जमिनीवर बसून विचारत राहिले. "असं कसं झालं? पानी आलं कुठून?"

विजयमालाबाई पातेल्याकडे बघत होत्या. "गरम पोया डब्यात भरून झाकन लावलं तं झाकनाले पानी सुटते नं," त्या म्हणाल्या. "तसंच असंन. तुमचा डबा तापते, अन् बाहेर तं आभायातच पानी भरलं हाये."

बंटीला फोन लावला. ऐकून तो म्हणाला, "काका, पानी तं रोजच काढा लागते. पावसायात दोनदा. ते पानीच नळीतून येऊन थुकते." मग जरा ओशाळून म्हणाला, "मले वाटलं तुमाले मालूम असंन. कोनी सांगत नाई ते, सगयायले मालूमच असते."

किसनरावांनी फोन ठेवला. हात समोर धरून बघितला. हात थरथरत होता, रोजच्यासारखाच, डॉक्टरांसमोर थरथरला होता तेवढाच; एका कणानेही जास्त नाही. महिनाभर त्यांनी त्याला बोल लावला होता. त्याला तेल चोळून घेतलं होतं, त्याच्यामुळे झोप घालवली होती. आणि तो बिचारा इतके दिवस नेमून दिलेलं काम मुकाट करत होता. त्यांना त्या हाताची माफी मागावीशी वाटली, पण बायको समोर होती.

तुम्हाला वाटेल, आता सगळं सुरळीत झालं. त्यांनाही तसंच वाटलं, डोळे काढायची वेळ येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वशिंड झालं. एकही थेंब नाही. धुरकट करडा मानेवरून खाली उतरत गेला आणि पांढऱ्यात कुठे हरवला ते दिसेना. किसनराव मागे सरून, पुढे होऊन, मान तिरकी करून बघत राहिले. चाळीस वर्षांत जे आलं नव्हतं ते आलं होतं. ते इतके खूश झाले की जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि विजयमालाबाईंचा जीव भांड्यात पडला.

राहिले डोळे. आणि इथे त्यांना एक वेगळीच भीती वाटली. काल थुंकी आली तर ती पाण्याची होती. आज टाकी कोरडी होती. आज जे बिघडेल ते हाताचंच असणार होतं. काल काहीच कळत नव्हतं, त्यात निदान एक आडोसा होता. आता तो पक्कड लावून आपणच काढून टाकला होता.

डोळ्याला झाक पुरत नाही, कड लागते. कडेसाठी जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की थरथर दिसते. त्यांनी पेपरवर काढून बघितलं. एक डोळा बरा आला, दुसरा वाकडा, तिसरा बरा. कुठला का बरा आला आणि कुठला का वाकडा, यातलं काही त्यांना सांगता येईना. सलोनीला फोन करावासा वाटला, पण ती काय सांगणार? पातळ, जाड, जवळ, लांब. सगळं ऐकून झालं होतं.

त्यांनी टाकीचं बोंड सोडून पाहिलं, दोन थेंब आले तेवढे जाऊ दिले. मग हौश्यासमोर मांडी घालून बसले. हवा सोडली, नुसतीच हवा, रंग नाही. ती बैलाच्या खोबणीवर फुंकर घातल्यासारखी लागत होती. हात चालता ठेवला. रंग ओढला. कड म्हणून धरून बसायचं नाही. आतून बाहेर, आतून बाहेर, थोडं थोडं. हात थरथरत होता. थरथर रंगात उतरत होती, पण तिची वाकडी रेघ होत नव्हती. ती काळ्याच्या बाहेर पातळ सावली होऊन पसरत होती, आणि खोबण ओली दिसायला लागली होती. हे असं का होतंय, हे त्यांना कळेना. विचार केला तर हात थांबेल या भीतीने त्यांनी विचारच केला नाही. दुसरा डोळा झाला. बारीक ब्रशने दोन्हीत एकेक पांढरा ठिपका टेकवला आणि ते उठले. पाहायची हिंमत नव्हती, म्हणून ते सरळ आत जाऊन पाणी प्यायले.

हिरासिंग पोळ्याच्या आदल्या दिवशी आला तो घाईतच. खऱ्या बैलांचे खांदे शेकायचे होते, हळद-तूप घरी काढून ठेवलं होतं. "झाला का जी?" म्हणत त्याने दोर सोडत सोडतच ओसरीवर पाय ठेवला, आणि दोर हातातच राहिला.

तो नेहमीसारखा उकिडवा बसला नाही. उभाच राहिला. वशिंडाकडे त्याचं लक्षही गेलं नाही, आणि किसनरावांना तर वशिंडाचीच खात्री होती. तो डोळ्यांकडे बघत होता. मग एक पाऊल बाजूला सरकला, समोरून जायचं टाळावं तसा, आणि कडेने जाऊन त्याने हौश्याच्या पाठीवर सावकाश हात ठेवला. तांड्याच्या बोलीत काहीतरी हलकेच बोलला. किसनरावांना नव्हे, बैलाला. किसनरावांना ते कळलं नाही.

"कसा वाटते?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "जागा हाये का?"

हिरासिंगने पाटाची एक बाजू धरली. दोघांनी मिळून बैल मोटारसायकलच्या कॅरिअरवर चढवला, दोर आवळले. इतक्या वर्षांत हौश्या या गाडीवर उन्हातान्हातून, पावसातून, धुळीतून उघडाच आला आणि उघडाच गेला. हिरासिंगने गाडीला किक मारली. मग बंद केली. खाली उतरून त्याने गळ्यातला दुपट्टा काढला, झटकला आणि हौश्याच्या कपाळावरून घेऊन दोन्ही डोळे झाकले जातील असा शिंगांना बांधला.

"रस्त्यानं लय कचरा उडते," तो म्हणाला. "डोयात जाईन त्याच्या."